बाळासाठी आटवलेलं पाणी

पाणी तर स्वच्छ होतं, मग बाळ निळं कसं पडलं? मी ज्याला त्याला विचारलं.

मी कशेळ्याजवळच्या एका गावविहिरीचा धाकटा पोहरा बोलतोय. नेरळच्या लोहाराने एकाच पत्र्यातून आम्हा दोघांना घडवलं. आधी थोरला, उरलेल्यातून मी. कप्पीवरच्या एकाच दोराच्या दोन टोकांना आम्ही. तो खाली गेला की मी वर. मध्यावर गाठ पडायची, तेवढ्यात तो मला टक्कर द्यायचा.

दुसऱ्या जर्मन लढाईचे दिवस होते. धान्य वाढवा म्हणून सरकार गावोगाव शेणखताचे खड्डे खणायला लावत होतं. खड्डा सतत ओला ठेवावा लागतो, मग लांबून पाणी कोण वाहणार? गावच्या मालोजीने तो विहिरीला लागूनच, वरच्या अंगाला खणवून घेतला. गावाने त्याच्या अकलेचं कौतुक केलं. दोन पावसाळ्यांनी खड्ड्यातलं पाणी त्या बाजूच्या दगडांतून विहिरीत पाझरू लागलं. खाली आम्ही दोघंच जायचो, त्यामुळे आम्हालाच दिसलं.

गावातली जयवंता बाळंत झाली, मुलगा झाला. तिला दूध येईना. म्हशीच्या दुधात विहिरीचं पाणी घालून ती पाजायची, तेही निम्मं आटेपर्यंत उकळून. पोराची नखं निळी पडली, मग ओठ. सुईण कोंडी म्हणाली, "झऱ्याचं पाणी पाज गं. या हिरीत काय तरी हाय." जयवंताने आणखी आटवलं; पाणी वाफ होऊन जायचं, खड्ड्यातून झिरपलेलं मागेच राहायचं, अधिक कडक होऊन. पाचव्या दिवशी पोर गेलं.

तिचा नवरा लडकू विहिरीवर आला तेव्हा कोंडी तिथंच होती.

"हिरीत हाय ते तुला कसं ठावं? तूच टाकलंस ना?"

"मी नाय रं लडक्या. तुझी नाळ बी मीच कापली हाय."

त्याने थोरल्याला धरलं. कुणी तरी दोराची गाठ सोडून दिली, हात मोकळा फिरावा म्हणून. मग त्याने थोरल्याला कोंडीच्या डोक्यात घातलं. एकदा नाही, चारदा. तिचं रक्त माझ्या अंगावर उडालं. थोरल्याचा तळ फाटला, त्याला खताच्या खड्ड्यात फेकलं. कोंडी दिवस मावळायच्या आत मेली. लडकूला चौकीवर नेलं आणि आठवड्याने सोडलं. गावात कुणी काही पाहिलंच नव्हतं.

मला थोरल्याचाही राग आला. इतका जड कशाला झालास रे दादा? निसटायचंस त्याच्या हातातून.

पुढच्या वर्षी जयवंताला मुलगी झाली. लढाईमुळे पत्रा मिळत नव्हता, सारं गाव माझ्या एकट्यावर पाणी भरत होतं. एका सकाळी ती पोरीला छातीशी बांधून आली. पोरीचा हात बाहेर लोंबत होता. नखं निळसर. जयवंताने ती पदराने पुसली. पुन्हा पाहिली. पुन्हा पुसली.

"आजपासनं जास्त आटवते हां," ती पोरीला म्हणाली आणि तिने मला खाली सोडलं.

पाण्याच्या अलीकडे एक दगड पुढे आलेला आहे. मी त्याच्यावर स्वतःला आपटलं. पहिल्यांदा नुसता वाजलो. दुसऱ्यांदा सांधा उसवला. ती वरून दोर हिसडत होती, शिव्या देत होती. तिसऱ्यांदा सगळा जोर लावला, तेव्हा तळ निखळून बुडाला.

वर आलो तो बिनबुडाचा, नुसता घेर आणि कडी. तिने मला जमिनीवर आदळलं, लाथ मारली, रिकामा हंडा उचलला आणि डोंगराकडे, झऱ्याच्या वाटेला लागली. त्या दिवशी तिच्या हंड्यात मी एक थेंब पडू दिला नाही.