दोरी कुणीही ओढावी

"सोड गाठ, सोड! बस गेटात आली!" सुपरवायझर महिपत ओरडला.

माल जोडायच्या फिरत्या पट्ट्यावरून जाणारी दोरी खांबाला उंच बांधून ठेवलेली होती. रंभाने स्टुलावर चढून ती सोडली. मुंबईहून व्यवस्थापन शिकणारी मुलं मुरबाडचा हा कारखाना बघायला आली होती. दोरी हाताला येईल अशी लोंबायला हवी होती.

"आन् कोनी हात लावायचा नाय. नुसती दाखवायची हाय," महिपतने बजावलं.

"म्हंजे शोकेसातली कपबशी," जना पुटपुटली. बाया हसल्या. रंभा हसली नाही.

*भिंतीवरचा फलक, ओळ पहिली: अडचण दिसली की दोरी ओढा, पट्टा थांबवा.*

भिमीने ओढली होती. भिमी रंभाची धाकटी जाऊ. दोघी वैशाखरे गावाहून एकाच जीपने यायच्या, विजेची बटणं जोडत शेजारी उभ्या राहायच्या. दिवाळीआधी जनाची ओढणी पट्ट्यात गेली, गळ्याला फास बसू लागला. भिमीने दोरी ओढली. जना वाचली. त्या दिवसाचा माल अपुरा राहिला.

"ओढनी ओढायची व्हती, दोरी कशाला ओढलीस?" महिपत सगळ्यांदेखत म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी वॉचमनने भिमीला गेटातच अडवलं आणि दोरी उंच बांधली गेली.

घरात आता रंभाचीच नोकरी उरली होती. म्हणून ती गप्प होती. गप्प राहून कसली तरी वाट बघत होती.

*ओळ दुसरी: ओढणाऱ्याचे आभार माना.*

"आमच्याकडे कुणीही दोरी ओढू शकतं," महिपत मुलांना शुद्ध भाषेत सांगत होता. "आम्ही रागवत नाही. टाळ्या वाजवतो."

रंभाने दोरी ओढली.

घंटा वाजली, पट्टा थांबला. मुलांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या. महिपतलाही वाजवाव्या लागल्या.

"काय अडचण, रंभाताई?"

ताई! रंभाला आतून गार वाटलं.

"माज्या बाजूची जागा रिकामी हाय."

"ती बाई सुट्टीवर आहे," तो मुलांकडे वळून म्हणाला.

"काढली तिला. हीच दोरी ओढली म्हनून."

"माजा जीव वाचवला तिनं," जना म्हणाली.

पाहुण्यांतल्या रश्मी नावाच्या मुलीने फलक पुन्हा वाचला. "मग सर, त्यांचे आभार राहिलेच ना?"

*ओळ तिसरी: ज्याने थांबवलं, त्यानेच चालू करावं.*

"करते ना चालू," रंभा म्हणाली. "आधी भिमीला थँक्यू बोला. सगळ्यांदेखत."

"नंबर सांगा, मावशी." रश्मीने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि महिपतपुढे धरला.

"कोन?" मागे धप्प धप्प आवाज.

"महिपत बोलतोय. कंपनीतून. थँक्यू."

"आँ? खळ्यावर हाय मी, भात झोडतोय आमी. मोठ्यानं बोला!"

"मोठ्यानं बोला, सर," रंभा म्हणाली.

"थँक्यू! दोरी ओढलीस म्हणून!"

शब्द पत्र्यावर आपटून सगळ्या शेडभर फिरला. महिपतच्या मानेची शीर ताठ झाली होती. रंभाने ती डोळे भरून पाहिली.

"बरं," भिमी म्हणाली. "पेंढी हातात हाय माज्या."

फोन तिने बंद केला नाही. तसाच कुठेतरी ठेवला असावा. धप्प. धप्प. दाणे उडाल्याची बारीक सर.

उद्या वॉचमन आपल्यालाही अडवणार, हे रंभाला ठाऊक होतं. तिने डोक्यावरची कंपनीची निळी टोपी काढली, घडी घालून पट्ट्यावर ठेवली. पट्टा चालू केला नाही. सगळे त्याच्याभोवती उभे राहून, वैशाखऱ्यात भात झोडलं जात होतं ते ऐकत होते.