चावडीचा खांब

मी एक जुना, ऐनाच्या लाकडाचा खांब आहे. मित्रांनो, आज मी हैबतरावांच्या गोठ्यात उभा आहे आणि माझ्या कमरेला म्हैस बांधलेली असते. पण माझा जन्म काही गोठ्यासाठी झाला नव्हता!

ताम्हिणीच्या रानातून मला आणलं, कुशाबा सुताराने तासलं आणि मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावच्या चावडीत उभं केलं. शेतसारा, बांधाचे तंटे, सारं माझ्यासमोर चाले. गावाची एक रीत होती. चावडीत शब्द द्यायचा तो माझ्यावर हात ठेवून. असा शब्द कुणी मोडल्याचं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी जरा ताठ्यातच असे.

बाजारच्या दिवशी वरच्या कातकरवाडीची माणसं मोळ्या घेऊन चावडीच्या पडवीत बसत. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच ओट्यावर त्यांना कुणी टेकू देत नसे.

दोन वर्षांमागे, बासष्ट साली, पंचायतीला नवी कचेरी हवी झाली, तीही चावडीच्याच जागेवर. वाडीतली म्हातारी सखू भर सभेत उभी राहिली.

"आमी बसायचं कुटं?"

सरपंच हैबतराव पुढे आले. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "सखू, नव्या कचेरीला बी पडवी काढतो. तितं तुमीच बसायचं. ह्यो माजा शब्द हाय."

"मंग पाडा," सखू म्हणाली. मलाही हायसं वाटलं. माझ्या साक्षीने दिलेला शब्द, काळजी कसली?

चावडी पडली. दगड नव्या कचेरीच्या पायात गेले, मला हैबतरावांनी घरी आणलं. कचेरी झाली. पडवीही झाली, पण तिला लोखंडी जाळी बसली आणि जाळीला कुलूप.

सखू तरातरा गोठ्यात आली. "सरपंच, पडवीला कुलूप हाय."

"अगं, तालुक्याचं सायेब येत्यात. मोळ्यांचा लई कचरा व्हतोय," हैबतराव म्हणाले आणि धार काढत राहिले.

सखूने माझ्याकडे बोट केलं. "खांब हितं आणला, तवा शब्द बी हितंच बांधून टाकला व्हय?"

हैबतराव दुधाची चरवी उचलून घरात गेले. मित्रांनो, वाळवीने पोखरलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं. माझ्याच भरवशावर त्या बाईने "पाडा" म्हटलं होतं. तिला फसवायला त्यांनी मला वापरलं.

तुमच्या गावातल्या जुन्या इमारती जपा. पाडावीच लागली एखादी, तर पाडा बापडे. पण तिच्यात बसून दिलेला शब्द मोडीत काढू नका. सखू आता बाजारच्या दिवशी कचेरीसमोर, रस्त्याच्या कडेला उन्हात बसते.