उभं नाणं

“एकोणीस?” मी विचारलं. “एक नंबर सोडून एकोणीस नंबर?”

मॅरेनने टेबलावरचं मासिक माझ्यापुढे ढकललं. ‘आयोवातली सर्वोत्तम कॉलेजं’, पान बेचाळीस. आमच्या लेकीला तीन ठिकाणी प्रवेश मिळाला होता आणि तिन्ही नावांभोवती तिने पिवळे गोल काढले होते. एक नंबरवर थॉर्नबरी, संगमरवरी पायऱ्या आणि बदकांचं तळं असलेलं. चार नंबरवर टॅमरॅक स्टेट, सरकारी, तीस हजार पोरांचं. आणि पानाच्या अगदी तळाशी, एकोणीस नंबरवर, सेंट वाल्बर्गा. मिसिसिपीच्या काठचं, नन्सनी चालवलेलं. कुठे जाणार ते एक मेपर्यंत कळवायचं होतं. हातात आठ दिवस होते.

“नंबर मासिकवाले देतात, बाबा,” मॅरेन म्हणाली. “ते लोक काय, पुढच्या दाराने जातात आणि जेवून येतात. आईला विचार. तिने सगळी आतून बघितलीत.”

हे मात्र खरं होतं. माझी बायको व्हर्ला राज्याच्या खात्यात लिफ्ट तपासनीस. बावीस वर्षं झाली. ज्याच्या लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात ती विजेरी घेऊन उतरली नाही, असं कॉलेज आमच्या राज्यात उरलेलं नाही. दोर, ब्रेक, दारं, सगळं नियमाप्रमाणे तपासून झालं, की ती स्वतःची एक परीक्षा घेते. खिशातून पाच सेंटचं नाणं काढते, लिफ्टच्या जमिनीवर कडेवर उभं करते आणि तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जाते. नाणं उभं राहिलं तर त्या लिफ्टची कोणीतरी मनापासून काळजी घेतंय. पडलं तर कागदोपत्री घेतंय. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नाही, म्हणून निकाल ती सरकारला कळवत नाही. तो आमच्या फ्रिजशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिते. सत्तेचाळीस कॉलेजं, त्यांतल्या अकरांपुढे बरोबरची खूण. हा कागद मासिकवाल्यांच्या हाती लागला तर त्यांचा धंदा बसेल, असं मी माझ्या दुकानात गवत कापायचं यंत्र दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय. माझी बायको आहे, मी सांगणारच.

थॉर्नबरीपुढे फुली आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्याकडे डोंगर नाहीत, तेव्हा कॉलेजं साजरी. तिथल्या मोठ्या सभागृहाची लिफ्ट मजल्याच्या दोन इंच वर थांबायची. पदवीदानाच्या दिवशी सकाळी व्हर्लाने तिला लाल चिठ्ठी लावून कुलूप घातलं. कॉलेजचे प्रमुख झगा घालून धावत आले. “बाई, आज आमचे देणगीदार येताहेत.” व्हर्ला म्हणाली, “मग त्यांना जिना दाखवा. संगमरवरी आहे.” हा किस्सा मी कमीत कमी दोनशे वेळा सांगितला असेन. ती एकदाही सांगत नाही.

त्या शनिवारी सकाळी ती ओट्याशी ‘कोलाची’ नावाचे गोड पाव करत होती. पिठाच्या गोळ्यात अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात जर्दाळूचा मुरंबा भरायचा, असं तिचं चाललं होतं.

“माझं ठरलंय,” मॅरेन म्हणाली. “सेंट वाल्बर्गा. आई, तुझ्या कागदावर पहिली खूण त्याचीच आहे. आणि तुलाही तिथंच जायचं होतं ना?”

व्हर्लाचा अंगठा पिठात तसाच राहिला.

तिला तिथं जायचं होतं, यात खोटं काही नाही. सत्याऐंशी साली गणितासाठी तिला प्रवेश मिळाला होता. ऑगस्टमध्ये तिचे वडील धान्याच्या कोठारावरून पडले आणि त्यांची पाठ मोडली. पाठची चार भावंडं होती. व्हर्ला घरी राहिली. पुढे ती लिफ्टच्या एका कंपनीत फोन घ्यायला लागली, मग हातात पाना घ्यायला लागली, आणि मग परीक्षा देऊन सरकारी खात्यात आली. सेंट वाल्बर्गाचं ते पत्र आमच्या बायबलमध्ये अजून आहे. तिने कधी रडगाणं गायलं नाही. मला पत्राचं कळलं तेही लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, आणि तेही बायबल माझ्या हातून पडलं म्हणून.

मला वाटलं, आता तिचे डोळे भरून येतील. निदान माझे येण्याच्या बेतात होते.

“पुढच्या शनिवारी जाऊन येऊ,” व्हर्ला म्हणाली. “बघ, मग बोल.”

“मी बघितलंय की. लहानपणी तू नेलं होतंस.”

“तेव्हा तू बदामाची बिस्किटं बघितली होतीस,” ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

आठवडाभर ती गप्प होती. व्हर्ला गप्प असते ते मला नवीन नाही. पण ती रात्री कपाट उघडून त्या कागदापुढे उभी राहायची, हे नवीन होतं. मी एकदा म्हटलंच, “अगं, पोरगी तुझ्यासाठी तिथं जातेय. खूश हो की जरा.” तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिथून निघून माझ्या दुकानात जाऊन बसलो.

सेंट वाल्बर्गाच्या दारात सिस्टर लिओबा उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अंगात राखाडी स्वेटर, पायात पुरुषी बूट. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे. लिफ्टच्या चाकांना तेल त्या स्वतः घालतात.

“व्हर्ला, आज तर शनिवार. आमचं काही चुकलं का?”

“नाही सिस्टर. आज मी फक्त हिची आई आहे.”

“मग तर जास्तच जपून राहायला हवं,” सिस्टर म्हणाल्या, आणि मॅरेनचे दोन्ही गाल हातात धरून तिला नीट बघून घेतलं.

कॉलेज देखणं होतं, खोटं कशाला बोलू. लांब खिडक्या, खाली नदी, ग्रंथालयात मेणाचा वास. वर्गात आठ मुली आणि एक प्राध्यापक. प्राध्यापकांना प्रत्येकीचं नाव माहीत होतं. मॅरेन मला कोपराने ढोसत होती. “बघ बाबा. थॉर्नबरीत कोणाला माझा चेहराही आठवणार नाही.”

मग लिफ्ट. जुनी, पितळी जाळीची, आत चार माणसं कशीबशी. मॅरेनने आईच्या खिशात हात घालून नाणं काढलं आणि गुडघे टेकून ते जमिनीवर उभं केलं. ती सहा वर्षांची असल्यापासून हे करत आलीय. लिफ्ट निघाली. पहिला, दुसरा, तिसरा मजला. नाणं हललंसुद्धा नाही. चौथ्यावर लिफ्ट थांबली तेव्हा मॅरेन हसत वर बघून म्हणाली, “झालं. आणखी काय पुरावा हवा?”

“अजून एक मजला आहे,” व्हर्ला म्हणाली. “सिस्टर, आज मी कामावर नाही. किल्ली तुम्हीच द्याल का?”

सिस्टर लिओबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवून तिच्या हातात दिली. त्या स्वतः वर आल्या नाहीत.

अरुंद जिन्याने आम्ही तिघं यंत्राच्या खोलीत गेलो. तिथलं यंत्र इतकं स्वच्छ होतं, की मला माझ्या दुकानाची लाज वाटली. भिंतीवर एक तपासणीचं कार्ड टांगलेलं होतं. त्यावर एकाखाली एक व्हर्लाच्या बावीस सह्या. यंत्राच्या बाजूला काचेआड एक छोटा आकडा होता. लिफ्ट एक फेरी करते, तो एकने पुढे सरकतो.

“दरवर्षी मी हा आकडा कार्डावर लिहिते,” व्हर्ला म्हणाली. “वजाबाकी कर.”

मॅरेनने कार्ड हातात घेतलं. पोरगी गणितात आईवर गेलीय, तिला कागद लागत नाही. तिचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

“पहिल्या वर्षी एकसष्ट हजार,” ती हळू म्हणाली. “मग चोपन्न. इथं अडतीस. गेल्या वर्षी… आई, गेल्या वर्षी अकरा?”

“अकरा हजार दोनशे. जिना दुरुस्तीला बंद होता, तरी.”

“म्हणजे काय?”

“माणसं चढली तरच आकडा चढतो. वरच्या दोन मजल्यांवर आता कोणी राहत नाही. पाहुण्यांना कळू नये म्हणून रोज संध्याकाळी तिथले दिवे लावतात. मला वाटतं हे कॉलेज आणखी दोन वर्षं चालेल. फार तर तीन. तुला चार लागतील.”

“तू खात्याला कळवलंस?”

“काय कळवू? हा दोष नाही. मी दोषाखाली सही करते.”

मॅरेनने कार्ड परत खिळ्याला अडकवलं. तिचा आवाज चढला. “मग आठवडाभर बोलली का नाहीस? मी तुझ्यासाठी म्हणून… तुला इथं यायचं होतं!”

“हो. यायचं होतं,” व्हर्ला म्हणाली. “खूप यायचं होतं. आणि तू इथं आलीस तर मला फार आवडेल. म्हणून तर आठवडा लागला. मला आवडतं म्हणून कुठल्या लिफ्टवर मी आजवर सही केली नाही. तुझ्यावर कशी करू?”

मी खिडकीबाहेर नदी बघत राहिलो. सदतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट या बाईने दोन वाक्यांत तोलून बाजूला ठेवली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की बोललो असतो तर काहीतरी बावळटासारखं बोललो असतो.

“आणि माझं म्हणशील तर,” ती म्हणाली, “मी बावीस वर्षं इथं येतेय. इथं शिकून गेलेल्या कुठल्याच मुलीने हे यंत्र बघितलेलं नाही.”

खाली सिस्टर लिओबा बिस्किटांची बशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मॅरेनला विचारलं नाही, येणार का म्हणून. व्हर्लाला विचारलं, “तिला आकडा दाखवलास?”

“दाखवला, सिस्टर.”

“बरं केलंस. मी दाखवायला हवा होता. माझ्याच्याने होईना.” त्यांनी बशी मॅरेनपुढे धरली. “घे गं. बिस्किटांत आम्ही अजून एक नंबर आहोत.”

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काळी, नुकती नांगरलेली शेतं होती. मग मॅरेन मागच्या सीटवरून म्हणाली, “थॉर्नबरी?”

“तिथं मला तीन वर्षं तोच दोष सापडला,” व्हर्ला म्हणाली. “दरवर्षी लिफ्टमध्ये गालिचा मात्र नवीन.”

“आणि टॅमरॅक? तिथं तर तुझं नाणं दर वेळी पडतं.”

“पहिल्या मजल्यालाच पडतं. लिफ्टला दम घ्यायला वेळ नसतो. पोरं, खोकी, सायकली, एकदा तर बकरी होती, शेतकी विभागाची. तिथं मी गेले की पानभर दोष लिहून येते.” ती थांबली. “पण एका वर्षीचा दोष तिथं मला पुढच्या वर्षी कधी सापडलेला नाही. दर वेळी नवीन असतात.”

मॅरेन दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकली.

“हे तू कपाटावरच्या कागदावर का नाही लिहिलंस?” मॅरेनने विचारलं.

“रकाना नव्हता,” व्हर्ला म्हणाली.

घरी पोचल्यावर मॅरेनने कपाट उघडलं, पट्टी घेतली आणि कागदाच्या कडेला एक नवीन रकाना आखला. मग आईला समोर बसवून सत्तेचाळीस कॉलेजं एकेक करून विचारली. जेवण थंड झालं. त्याच रात्री तिने टॅमरॅकला कळवलं. विषय गणित.

सेंट वाल्बर्गा बंद होत असल्याचं पत्र राज्यभर गेलं ते बरोबर तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये. जूनमध्ये लिफ्टला सील लावायचं काम आलं. ते व्हर्लाच्या एका तरुण सहकाऱ्याच्या वाट्याला आलं होतं, तिने मागून घेतलं. मला म्हणाली, “येतोस?” इतक्या वर्षांत तिने मला कामावर कधी बोलावलं नव्हतं. मी दुकान बंद केलं.

व्हरांड्यात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सिस्टर लिओबा त्याच स्वेटरमध्ये होत्या. व्हर्लाने दोर तपासले, ब्रेक तपासला, दारं तपासली. अर्ध्या तासात बंद होणाऱ्या लिफ्टची तिने पूर्ण तपासणी केली. मी घड्याळाकडे बघितलं, तर सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी हात खिशात घातले.

मग व्हर्ला म्हणाली, “सिस्टर, एक फेरी मारू या.”

त्या दोघी आत गेल्या. जाळीतून मला दिसलं, तिने वाकून नाणं उभं केलं. लिफ्ट वर गेली, चौथ्यापर्यंत, आणि परत खाली आली. सिस्टर आधी बाहेर आल्या, माझा हात धरून. मागून व्हर्ला आली.

“अगं, तुझं नाणं राहिलं,” मी म्हटलं.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि दार हळू सरकवून लावलं.

ती सगळे जिने चढून यंत्राच्या खोलीत गेली. मी आणि सिस्टर खाली उभे होतो. वर मुख्य खटका पडल्याचा आवाज आला, आणि इतकी वर्षं त्या इमारतीत जी बारीक घरघर होती ती थांबली. ती होती हे मला थांबल्यावर कळलं. सिस्टरनी क्रूसाची खूण केली.

गाडीत बसल्यावर व्हर्लाने फोन काढून मॅरेनला शेवटचा आकडा पाठवला. पोरीने सकाळीच मागून ठेवला होता. लगेच उलट प्रश्न आला, ‘आणि नाणं?’

व्हर्लाने चष्मा नीट केला आणि एका बोटाने लिहिलं, ‘उभं आहे.’