दवाखान्याची गाडी

सकाळी डेपोत ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता, तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले.

"आज दवाखान्याची फेरी रद्द. ही गाडी सभेला न्यायची. मंत्री येताहेत, सार्वजनिक वाहतुकीसाठी निधी जाहीर करायला."

म्हणजे बघा, गाड्यांना पैसे देतो हे सांगायला लोकांच्या गाड्याच पळवायच्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि हे नेहमीचंच झालं होतं. सभा आली की गाडी उचलायची. ताटकळून ताटकळून लोकांनी थांब्यावर येणं सोडलं की साहेबच वर कळवणार, या मार्गावर प्रवासी नाहीत, मार्ग बंद करा. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"साहेब, माझी ताई याच गाडीनं डायलिसिसला जाते. मागं एकदा चुकलं तर जिवावर बेतलं होतं."

"तुझ्या ताईसाठी मंत्री थांबवू? पाठव रिक्षानं."

त्या थांब्यावर रिक्षा फिरकत नाही, हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता. नोकरीवर घर चालत होतं. ड्रायव्हर मुकाट्यानं गाडीत चढला.

गाडीत झेंडे आणि पैसे देऊन आणलेली माणसं भरली. वाटेत थांबा आला. कापडी पिशवी छातीशी धरून ताई उभी होती, पाय सुजलेले. भावाची गाडी ओळखून तिनं हात केला. तिच्यामागे आणखीही आजारी माणसं होती.

"थांबू नका," दारातला कार्यकर्ता म्हणाला.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "सरका जरा. यांना चढू द्या. गाडी आधी दवाखान्यात जाईल."

"नोकरी जाईल तुमची."

"नोकरी दुसरी बघेन. ताई दुसरी कुठून आणू?"

कार्यकर्ता फोन लावत बसला. झेंडेवाल्यांतला एक म्हातारा मात्र उठला आणि ताईला म्हणाला, "बस गं पोरी. माझ्या बायकोला वेळेवर गाडी मिळाली नव्हती." बाकीचेही सरकले आणि गाडी दवाखान्याकडे निघाली.

संध्याकाळी निलंबनाचा आदेश घरी आला. कारण काय, तर ठरलेला मार्ग सोडून गाडी नेली. गाडीच्या कपाळावर दिवसभर 'दवाखाना' हीच पाटी होती, पण लाज कुणाला?

ताई पलंगावर पडून होती. "माझ्यापायी घरी बसलास रे. आता परवा कशी जाऊ मी? परवाही सभा आहे म्हणतात."

"परवा मी तुझ्याबरोबर थांब्यावर येतो. गाडी आली तर ठीक. नाही आली, तर सगळे मिळून डेपोच्या फाटकात बसू. सभेला एक गाडी सुटू द्यायची नाही."

उन्हात बसायचं, तेही अशा तब्येतीत. ताई पलंगावर उठून बसली.

"सतरंजी मी आणते," ती म्हणाली.