पेठच्या मोटारीचा दमा

मित्रांनो, मी एक म्हातारी सर्व्हिस मोटार आहे. वय म्हणाल तर अवघे नऊ वर्षांचे. पण नाशिक ते पेठ या रस्त्यावरचे एक वर्ष म्हणजे चांगल्या सडकेवरची तीन, तेव्हा बेरीज तुम्हीच करा.

माझे भाग साता समुद्रांपलीकडे ओतले गेले, मुंबईत जोडले गेले आणि १९२८ साली रंगनाथशेटांनी मला नाशिकला आणले. इथल्या सुतारांनी माझ्या पाठीवर सागवानी टप चढवला. बारा माणसांची परवानगी असताना अठरा माणसे, दोन कोंबड्या आणि टपावर नागलीची पोती घेऊन मी वाटेतला सावळघाट चढत असे. लोक म्हणत, "पेठची राणी आली!" तेव्हा माझा पत्रासुद्धा चकाके.

माझी पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, अगदी कपाळाच्या जागी आहे. तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली इंजिनात उतरते. एवढे ध्यानात ठेवा.

यंदाच्या दसऱ्यानंतर मला एक विचित्र आजार जडला. पंचवटीतून निघताना मी ठणठणीत असे. चार-पाच मैल गेले की खोकला सुरू! इंजिन अडखळे, अंग थरथरे आणि ड्रायव्हर महेबूबभाईंनी ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग घेण्याऐवजी मी मान टाकी. मग ते मला उभी करत, टाकीचे झाकण उघडून काठीने पेट्रोल मोजत. टाकी अर्धीअधिक भरलेली! पुन्हा हँडल मारले की मी तरतरीत.

"दमते बिचारी," महेबूबभाई म्हणत. "बैलासारखं आहे हिचं. जरा उभी केली की ताजी."

"महेबूबभाई, आम्ही व्हतो पुढं पायी," नेहमीचा उतारू सावळीराम म्हणे. "पेठंत पोचलात की सांगावा धाडा!"

सगळे हसत. मला मात्र रडू येई, कारण दुखणे कुठे आहे ते मला ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते.

शेवटी रंगनाथशेटांचा धीर सुटला. "सोमवारपर्यंत घाट चढली तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर मोडीत देतो." मोडीचा व्यापारी येऊन माझ्या बॉनेटवर टिचक्या मारून गेला. जणू भोपळा पिकला का ते पाहत होता!

शुक्रवारी महेबूबभाईंनी मला भद्रकालीत हनीफ मिस्त्रींकडे नेले. मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले, कार्बोरेटर खोलला, पेट्रोल फडक्यातून गाळून पुन्हा भरले. कुठे कचरा नाही, काजळी नाही. हँडल मारले, तर मी सतारीसारखी वाजू लागले.

"हिला तर काही झालेलं नाही!"

"मिस्त्री, वैद्याच्या दारात पोराचा ताप उतरतो ना, तशी करते ही."

हनीफ मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

"बंद पडली की काय करता?"

"उभी करतो, पेट्रोल बघतो, चालू करतो."

"दर वेळी उभीही करता आणि झाकणही उघडता?"

"हो."

"मग दोहोंपैकी बरी कशानं होते?"

"हे कधी वेगळं करून पाहिलंच नाही," महेबूबभाई म्हणाले.

शनिवारी सकाळी परीक्षा ठरली. शेटांची आई कुसाबाई घाटाच्या अलीकडे लेकीच्या गावी जायला निघाली होती. तीही पुढच्या बाकावर येऊन बसली. पाचव्या मैलाला मी खोकू लागले.

"उभी करा," हनीफ मिस्त्री म्हणाले. "पण झाकणाला कुणी हात लावायचा नाही."

अर्धा तास मी लिंबाच्या सावलीत उभी राहिले. मग हँडल मारले. खोकला तसाच!

"तुमचा बैल दमला नव्हता, महेबूबभाई," असे म्हणत मिस्त्रींनी झाकण फिरवले. "सूंऽऽ" करून मी अशी हवा ओढून घेतली की कुसाबाई दचकली. पुन्हा हँडल मारताच मी खणखणीत.

मिस्त्रींनी झाकण उन्हात धरले. मधल्या बारीक भोकावर लाल, टणक खपली होती.

"हा शेंदूर कुणाचा?"

"माझा," कुसाबाई म्हणाली. "दसऱ्याला पूजा केली. गाडीचं कपाळ ना त्ये! त्येलात कालवून चांगला जाड लावला, म्हनलं निघायला नको."

"कुठलं तेल?"

"जवसाचं. घरात त्येच व्हतं."

मिस्त्री हसत सुटले. "माय, नळाचे सांधे बंद करायला आम्ही हेच लावतो! शेंदूर आणि जवसाचं तेल. वाळलं की दगड. घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडखळत येतं? दुसरं पाडलं, आत हवा गेली, की धार लागते. हिचं हवेचंच भोक बुजलं."

"अगं बया! म्हंजी पूजा करता करता मी हिचं नरडंच दाबलं का?"

तिनेच खाली उतरून बाभळीचा काटा मोडून आणला आणि मिस्त्रींनी त्याने भोक मोकळे केले.

"आता लेकीकडं उद्या जाईन," बाकावर बसत कुसाबाई म्हणाली. "आधी घाट दाव मला, महेबूब."

मित्रांनो, त्या दिवशी मी सावळघाट एका दमात चढले! सोमवारी व्यापारी खटारा घेऊन आला, तेव्हा कुसाबाई माझ्या पायरीवर बसून होती. "ज्याला चढायला जमतंय त्याला मोडीत घालत्यात व्हय रे?" तिने लेकाला विचारले. शेटांनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवले आणि स्वतः उतारूंमध्ये दाटीवाटीने बसून पेठला आले.

तुमच्या घरीही एखादी सायकल, शिवणयंत्र किंवा घड्याळ असेल. त्यांना हार जरूर घाला. माया कुणाला नको असते? पण ती कुठून श्वास घेतात हेही एकदा पाहून ठेवा. आणि एखादे अडखळू लागले तर लगेच मोडीत काढू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होते ते नीट पाहा. आम्हांला तोंड नाही. आमचे अडखळणे हेच आमचे बोलणे असते.