वचन पोहोचलं, माणूस नाही

सपना पिपरी मेघेत राहायची आणि देवळीतल्या एका सरकारी कचेरीत लिपिक होती. सकाळी उठून चहा ठेवायचा आणि त्याला उकळी येईस्तोवर मोबाइलवरून दोनशे तेरा माणसांना दिवसाचं वचन पाठवायचं, हा तिचा चार वर्षांचा नेम. मागे उगवता सूर्य नाहीतर गुलाबाची फुलं, त्यावर बायबलमधली एक ओळ, खाली ‘प्रभू आपणांस सामर्थ्य देवो’. एका दिवसाचाही खाडा नाही. रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेब चारचौघांत म्हणायचे, “उत्तेजनाची सेवा कशी करावी, ते सपनाबाईंकडून शिका.” माणसं माना डोलवायची. सपना हसायची. आतून मात्र काही हलायचं नाही.

हे असं कधीपासून झालं, ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. बहुतेक बाबा गेले तेव्हापासून. महामारीच्या उन्हाळ्यात ते गेले. मातीला चार माणसं होती, तीही अनोळखी, अंगात प्लास्टिकचे झगे घातलेली. घरी कुणाला येता येत नव्हतं. मोबाइलवर तेवढे निरोप येत राहिले, एकामागून एक, एकासारखे एक. तेव्हा ती रडली नाही, आणि मग ते राहूनच गेलं. प्रार्थनेला ती गुडघे टेकायची, शब्द बरोबर यायचे, कारण ते पाठ होते. वचन निवडतानाही ती ते वाचत नसे. चित्र बरं आहे ना, एवढंच बघायची.

त्या वचनांना उत्तरं येत. कुणी ‘आमेन’ लिही, कुणी आपलं दुखणं सविस्तर कळवी. सपना सगळ्यांना सारखंच वागवी, जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून मोकळी होई. कुणी बोलून पाठवलेला निरोप असला तर ती तो ऐकतच नसे. बसच्या आवाजात ऐकू येत नाही, असं ती स्वतःला सांगे. खरं म्हणजे माणसाचा आवाज कानावर पडला की त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तिच्याजवळ उत्तर नव्हतं.

त्या आठवड्यात कचेरीत मतदार यादीचं काम निघालं होतं. सपना घरी यायची ती अंधार पडल्यावरच. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, “आपल्या तानाबाईंचे यजमान पुनाजी गुरुवारी सावंगीच्या दवाखान्यात प्रभूकडे गेले. शुक्रवारी माती झाली. कुटुंबासाठी प्रार्थना करू या.”

तानाबाई म्हणजे चर्चचं सभागृह झाडणारी म्हातारी. पुनाजी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. सपनाने डोळे मिटले, ‘आमेन’ म्हटलं आणि डोळे उघडले. उपासनेनंतर तीन बाया भेटायला निघाल्या, त्यांच्याबरोबर तीही निघाली. न जाणं बरं दिसलं नसतं.

तानाबाईचं घर वस्तीच्या टोकाला होतं, दोन खोल्यांचं. नात रिंकूने सगळ्यांना चहा दिला. बाया बोलल्या, प्रार्थना झाली, बाया उठल्या. सपनाही उठली, तेवढ्यात तानाबाईने तिचा हात धरला.

“सपनाबाई, थोडं बसा ना. तुमाले एक इचारायचं होतं.”

सपना बसली.

“तुमी बुधवारी काऊन नाई आल्या?”

“बुधवारी? कुठं, मावशी?”

“दवाखान्यात. मी तुमाले फोनात बोलून पाठवलं होतं. रिंकूनं शिकवलं मले, बटन दाबून बोलायचं. तुमी हात जोडून पाठवले. मी रिंकूले इचारलं, याचा मतलब काय? ते म्हने, आजी, हो म्हटलं त्यायनं. मग मी बुढ्याले सांगतलं, सपनाबाई येऊन राह्यल्या प्रार्थनेले. त्यायनं केसं इंचरून घेतले माह्याकडून. म्हने, शिकलेली बाई येते, असं पडून राहनं बरं नाई दिसत. दरवाजा वाजला का तिकडं पाहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सपनाला सोपं गेलं असतं. माफी मागून घरी जाता आलं असतं.

ती मोबाइल घेऊन बाहेर नळाजवळ गेली. तानाबाईच्या नावावर बोट ठेवलं. बुधवारी सकाळचा निरोप तिथेच होता, चाळीस सेकंदांचा. खाली तिने टाकलेलं जोडलेल्या हातांचं चिन्ह. त्याच्याही खाली रोजची वचनं, त्यांत शुक्रवारचं, सदा आनंदी राहण्याविषयीचं, पिवळ्या फुलांच्या चित्रावर. पुनाजीची माती झाली त्या सकाळी ते तानाबाईला पोहोचलं होतं!

सपनाने पहिल्यांदा तो निरोप ऐकला.

“सपनाबाई, मी तानाबाई बोलून राह्यली. बुढ्याले लय झालं. सावंगीले भरती केलं. पाळकसाहेब गावाले गेले म्हने. तुमी रोज चांगलं चांगलं पाठवता, मले वाचता येत नाई, पन रिंकू वाचून दाखवते. त्यायच्यासाठी दोन शब्द बोला येऊन. लय नाई, पाच मिनिटं. येजा बरं.”

दवाखाना तिच्या घरापासून किती लांब? ऑटोने वीस मिनिटं! बुधवारी ती सातला घरी आली होती. जेवून मोबाइलवर उद्याचं चित्र शोधत बसली होती.

तिला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. ती आत गेली आणि तानाबाईसमोर खाली बसली.

“मावशी, मी ते ऐकलंच नव्हतं. न ऐकताच हात जोडले. सगळ्यांनाच तसं करते.” मग जे तिने आपल्या नवऱ्याला, केशवलाही सांगितलं नव्हतं, ते बाहेर पडलं. “मला काही वाटतच नाही हो. बाबा गेल्यापासून. प्रार्थना करते, वचन पाठवते, पण आत सगळं बधिर. अशी मी येऊन तरी काय दिलं असतं?”

तानाबाई तिच्याजवळ सरकली.

“मले तरी कुठं वाटून राह्यलं?” ती म्हणाली. “बुढा गेला, मी चूल पेटवली, रिंकूची वेनी घातली. आत काईच नाई, दगड. पन पोरीची वेनी तर घालाच लागते ना? वाटलं तवाच करीन म्हटलं, तर पोरगी तशीच शाळेत जाईन.”

“पण देवाचं काम असं कोरड्या मनानं...”

“बुढ्याले तुमचं मन कोरडं का वलं, ते समजनार होतं का? त्याले मानूस पाह्यजे होतं खाटेपाशी. येशू लोकायच्या घरी जाय, त्यायच्यासंग जेवाले बसे. चिठ्ठ्या नाई पाठवल्या त्यानं. तुमच्या बाबाच्या टायमाले कोनाले येता नाई आलं. ते बंदी होती, बाई. आता कोनती बंदी आहे?”

आता कोणती बंदी आहे! चार वर्षं सपनाने ती बंदी एकटीने पाळली होती.

“उद्या तुम्हाला काही काम आहे, मावशी?” तिने विचारलं.

“दवाखान्यातून कागद आनाचा आहे, मृत्यूचा. मले त्यातलं काई समजत नाई.”

“मी येते.”

सोमवारी सकाळी केशव म्हणाला, “आज तुझं वचन नाही आलं माझ्या मोबाइलवर. बरं नाही का?” सपनाने त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. तो म्हणाला, “रजेचा अर्ज तुझ्या साहेबांकडे मी पोचवतो. तू जा.”

कागदाचं काम तासाभरात झालं. अर्ज सपनाने भरला, नाव-वय नीट तपासून घेतलं. मग तानाबाई म्हणाली, वर वॉर्डात जाऊन येऊ. पुनाजीच्या शेजारच्या, बायकांच्या वॉर्डातल्या सीताबाईने त्या दिवसांत तिला डब्यातली भाकर दिली होती. सीताबाई देवळीकडची, पाय मोडून पडलेली. मुलगा रात्रीपुरता यायचा, दिवसभर ती एकटीच असायची.

सीताबाईने सपनाला विचारलं, “तुमी डाक्टरीन हाय का?”

“नाही. तुम्हाला भेटायला आले.”

“मले?” सीताबाईने आधी तानाबाईकडे, मग सपनाकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मग ती बोलायला लागली. घरच्या शेळीबद्दल, शेजारणीने ती नीट बांधली असेल की नाही याबद्दल, जावेबद्दल. सपनाने एकही वचन म्हटलं नाही. तिने मोसंबी सोलली, एकेक फोड सीताबाईच्या हातावर ठेवली आणि ऐकलं. अर्धा तास गेला. निघताना सीताबाई म्हणाली, “उद्या येसान का?”

“उद्या कचेरी आहे. बुधवारी संध्याकाळी येते.” आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, हे सपनाच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

परतीच्या ऑटोत पिपरीचा फाटा जवळ आला तेव्हा सपनाने विचारलं, “मावशी, पुनाजीमामा कसे होते हो? मी त्यांना नुसतं बघितलंय, दारातून.”

कित्येक वर्षांत तिने असा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, ज्याचं उत्तर तिला खरोखर ऐकायचं होतं. तानाबाईने पदराने तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. तानाबाईचं घर आलं तरी सांगणं संपलं नव्हतं. दोघी दारातच बसल्या.

सपनाचा बधिरपणा त्या दिवशी गेला नाही. अजूनही सगळा गेलेला नाही. पण दोनशे तेरा नावांची ती यादी तिने बंद केली आहे, आणि दर बुधवारी कचेरी सुटल्यावर ती कुणाच्या तरी घरी नाहीतर खाटेपाशी जाते. कधी प्रार्थना करते, कधी नुसती बसते. एका बुधवारी, कुणाच्या तरी घरी मेथीची भाजी निवडताना, तिला बाबांची आठवण आली आणि डोळे भरून आले. त्या घरातल्या बाईने निवडायची जुडी तेवढी स्वतःकडे ओढून घेतली.

बंधूंनो, भगिनींनो, मन भरून येईल तेव्हा सेवा करू, असं म्हणत आपण किती दिवस घालवतो! विश्वास म्हणजे मनाची उबच असते असं नाही. कधी कधी तो नुसता पायांत असतो. मन थंड असलं तरी पाय उचलावे. ज्याच्या दाराशी जायचं आहे तो वाट बघतो आहे, आणि आपलं हरवलेलं मनही बहुधा त्याच वाटेवर कुठेतरी आपल्याला परत भेटतं.