मालनबाईंचा मंगळवार

"आजी, यात काय आहे?"

"जेवण आहे, बाबा. दुसरं काय असणार?"

पार्काच्या गेटवरच्या पोऱ्याने पिशवीतला तिसरा डबा उघडला आणि सुकटीच्या चटणीचा वास असा काही सुटला, की मागच्या रांगेतल्या बाईने नाकाला ओढणी लावली. पोरगा इथला, खोपोलीकडचाच असावा. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मालनबाईंना स्पष्ट दिसलं. पण नोकरी ती नोकरी. त्याने झाकण हळूच लावलं आणि डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे.

"अरे, बाहेरचं कुठे? घरचं आहे हे. पहाटे उठून केलंय."

"तान्ह्या बाळाचं चालतं आजी, नाहीतर औषध."

"मग औषधच समज. माझ्या चपात्यांनी कोणाचं पोट दुखलेलं ऐकलंयस का?"

"आई, राहू दे ना," मयूर हळूच म्हणाला. "नियम आहे त्यांचा. लोक थांबलेत मागे."

लेकाने पिशवी उचलली आणि शेजारच्या खिडकीवर जमा केली. बदल्यात पितळेचा एक बिल्ला मिळाला. चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, तिखट पुऱ्या, उकडलेली अंडी आणि ती सुकट, चौघांचं दिवसभराचं जेवण त्या बिल्ल्यात आलं. मालनबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. आता सून बोलणार, ह्याची त्या वाट बघत होत्या.

दर्शना बोलली नाही. तिने फक्त लेकीची, ओवीची, टोपी सरळ केली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मालनबाईंना वाटलं. निदान उलट दोन शब्द ऐकवता आले असते.

कारण दर्शनाने आधीच सांगितलं होतं! गेल्या आठवड्यात लालबागच्या त्यांच्या खोलीत मयूर मोबाइलवर ह्या सहलीचा हिशेब मांडत बसला होता. शाळेतली आरोही दिवाळीत ह्या पार्कात जाऊन आली आणि तेव्हापासून ओवीने 'बर्फाचं घर, बर्फाचं घर' करून जीव खाल्ला होता. पाळण्यांच्या तिकिटात ते बर्फाचं घर धरत नाहीत, त्याचे वेगळे पैसे. मयूरला यंदा पगारवाढ मिळाली नव्हती. म्हणून मे महिन्याची सुट्टी, तीही आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे तिकीट स्वस्त. बस दादरहून. सगळं बसत होतं, फक्त जेवण बसत नव्हतं.

"जेवणाचं मी बघते," मालनबाई म्हणाल्या होत्या. "त्याला पैसे कशाला घालवायचे?"

"आई, त्यांच्या साइटवर लिहिलंय, बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत," दर्शना म्हणाली.

"लिहीनात का! अन्नाला दारातून कोण परत पाठवतं का?"

मयूरने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जेवणाच्या पुढे आकड्याच्या जागी 'आई' असं लिहून टाकलं. तो शब्द मालनबाईंनी त्याच्या खांद्यावरून वाचला होता. आठवडाभर त्या खुशीत होत्या. लेकाच्या संसाराच्या हिशेबात आपलं नाव आलं, तेही खर्चात नाही, ह्याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

आणि का वाटू नये? सारं आयुष्य दुसऱ्याला जेवू घालण्यात गेलं होतं त्यांचं. नवरा रघु गिरणीत, आणि मालनबाईंची घरात खानावळ. एकाच खोलीत चूल, मोरी आणि भिंतीला पाठ लावून बसलेली गड्यांची पंगत. गावी बायकापोरं ठेवून आलेले हे गडी पाळ्यांप्रमाणे येत, जेवत, जात. कोणाला आमटी तिखट लागते, कोणाला भात मऊ लागतो, हे त्यांना नवऱ्याच्या आवडीआधी पाठ झालं होतं. आता गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी आहे, आणि मयूर तिच्यातच एका ऑफिसात काम करतो. तिथल्या कँटीनचा डोसा त्याला आवडतो. चालायचंच.

पार्कात शिरल्यावर ओवीने धुमाकूळ घातला. उंच पाळण्यात बसली, पाण्याच्या होडीत भिजली, आजीला ओढत घोड्यांच्या चक्रावर घेऊन गेली. मालनबाई लाकडी घोड्यावर आडव्या बसल्या आणि देवाचं नाव घेत एकदाच्या उतरल्या. पण चित्त सगळं त्या बिल्ल्यात. उन्हात त्या डब्यांचं काय होत असेल? भाजी आंबली नाही म्हणजे मिळवली.

ओवीच्या पाठीवरच्या सॅकमधून लाल स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. भर मे महिन्यात! शेजारच्या मीनाक्षीकडून मागून आणला होता. पोरगी दर पाळण्यानंतर विचारायची, "आता बर्फ?" आणि मयूर म्हणायचा, "जेवल्यावर."

दुपारी ते जेवणाच्या हॉलपाशी आले. दारावरच पाटी: अनलिमिटेड थाळी. खाली भाव. मालनबाईंनी भाव वाचला, आणि खात्री करायला पुन्हा वाचला.

"अनलिमिटेड म्हणे," त्या पुटपुटल्या. "आमच्याकडे काय लिमिटेड होतं काय रे? भात मागेल त्याला भात. मेल्यांनी ताटाला सोन्याचा भाव लावलाय."

मयूर आणि दर्शना जरा बाजूला जाऊन कुजबुजायला लागले. मालनबाईंचे गुडघे गेले होते, कान नाही.

"चार थाळ्या घेतल्या तर बर्फाचं होत नाही," मयूर म्हणत होता. "उद्या-परवा शाळेची फीपण आहे. कार्ड वापरायचं नाही, ठरलंय आपलं."

"मग वडापाव वगैरे?"

"बघितलं मी. तोही इकडे परवडत नाही. ओवीला सांगू, पुढच्या वर्षी."

"तू सांग. मी नाही सांगणार."

मालनबाईंनी नातीकडे पाहिलं. ती स्वेटर बाहेर काढून अंगाला लावून बघत होती, बाह्या पुरतात का ते. शब्द आपण दिला होता, जेवणाचं मी बघते म्हणून. लेकाने विश्वासाने नाव लिहिलं होतं. आणि आता आपल्या चटणीभाकरीच्या हट्टापायी पोरीचा बर्फ जाणार. नाही, हे काही खरं नाही.

"मयूर," त्यांनी मोठ्याने हाक मारली. "तीनच घे रे. माझा मंगळवार आहे आज."

"कसला मंगळवार?"

"उपास. नवस बोललेय मी गणपतीला. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मयूर खांदे उडवून म्हणाला, "आधी सांगायचं ना, आई." पुरुषाची जात, आईने उपास म्हटलं की त्याचा विश्वास बसतो. पण दर्शना बघतच राहिली. सकाळी सहा वाजता ह्याच बाईने तिच्या शेजारी बसून बशीभर पोहे खाल्ले होते. आणि गेल्या मंगळवारी चाळीत बोंबील तळले होते ते काय गणपतीने?

ती पुढे झाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "चार थाळ्या घे. बर्फात तू आणि ओवी जा. मी नाही येत."

"का?"

"मला सर्दीचा त्रास आहे. माहितीये ना तुला?"

आता मालनबाई बघत राहिल्या. डिसेंबरात थंड पाण्याने डोक्यावरून न्हाणारी ही बाई. नाशकाची थंडी अंगावर घेऊन वाढलेली. सर्दी म्हणे!

"मला नको थाळी," त्या म्हणाल्या. "सांगितलं ना, उपास आहे. उगाच पैसे घालवू नकोस दर्शना. माझं काय, घरी जाऊन खिचडी खाईन."

दर्शनाने त्यांचा दंड धरला, त्यांना आत नेलं आणि भिंतीलगतच्या टेबलाशी बसवलं. मग ती स्वतः रांगेत उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात खणांचं भरलेलं ताट होतं. ते तिने सासूपुढे ठेवलं, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला, आणि जरा खाकरून म्हणाली:

"उपास देवाचो असेल ना, तर देवाक मी सांगतंय. तुम्ही गप जेवा."

आयुष्यात ती मालवणी बोलली नव्हती. शब्द अडखळत आले. पण मालनबाईंना ते कोणाचे शब्द आहेत हे कळायला क्षणही लागला नाही. त्यांचेच होते.

ही गोष्ट त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती, की त्यांनी 'संपात ना' म्हटलं तरी मयूर उठून गॅलरीत जायचा. गिरण्यांचा मोठा संप चालू होता. पगार बंद, उधारीही संपली. आणि एकेक करून सगळ्या खानावळीला उपास लागले! आज ह्याचा सोमवार, उद्या त्याची संकष्टी. मालनबाई तेव्हा विशी-बाविशीच्या. त्यांना कळत का नव्हतं? एका मंगळवारी दत्ताराम नावाचा गडी पंगतीत न बसता दारात उभा राहिला. तीन दिवस आला नव्हता. म्हणाला, "आज माझो मंगळवार, वैनी. रघुदादाक भेटूक इल्लंय." त्याच्या गालाची हाडं वर आली होती. मालनबाईंनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं, समोर ताट आदळलं आणि म्हणाल्या, "उपास देवाचो असात तर देवाक मी सांगतंय. तू गप जेव." सगळी पंगत हसली. दत्ताराम जेवला.

गोष्ट त्या इथेच थांबवत. पुढचं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, रघुलासुद्धा नाही.

मालनबाईंनी पहिला घास घेतला. भात थंडगार होता. आमटीत कोकमाचा पत्ता नव्हता, आणि भाजीत नुसता टोमॅटो. त्यांच्या खानावळीत असं वाढलं असतं तर गड्यांनी तोंडावर सांगितलं असतं. तरी त्या खात राहिल्या. समोर लेक, नात, सून आपापल्या ताटांत जेवत होती, ओवी पापडावर पापड आणत होती. त्यांना मान वर करता येईना. आपला चेहरा कोणी बघू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. दत्तारामही असाच जेवला होता, ताटात डोकं घालून.

मयूर आणि ओवी बर्फाकडे गेली. ओवीने स्वेटर आधीच चढवला होता. घामाने निथळत, उड्या मारत ती दिसेनाशी झाली.

"जेवलात ना नीट?" दर्शनाने विचारलं.

"जेवले गो."

मालनबाई उठल्या. त्यांनी आपलं ताट उचललं आणि हात धुवायच्या जागेकडे चालू लागल्या. टेबलं पुसणारी बाई धावत आली. "ठेवा हो मावशी, आम्ही आहोत ना त्याला."

"असू दे."

त्यांनी नळ सोडला. खण न खण बोटांनी घासला, तळ घासला, पुन्हा पाण्याखाली धरला. दर्शना आपलं ताट घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. मालनबाईंनी ताट निथळलं आणि कठड्यावर पालथं घातलं.

"आई, हे काय?"

"दत्ताराम," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवून उठला आणि मोरीवर जाऊन आपलं ताट धुतलं त्याने. खानावळीत कोणी ताट धुवत नसे गो. आम्हाला तो अपमान वाटायचा. धुतलं आणि असं पालथं घातलं, आणि काही न बोलता गेला. त्याच आठवड्यात गावी गेला, तो परत आलाच नाही. मला आजपर्यंत वाटत होतं, सगळ्यांसमोर त्याचं खोटं मी उघडं पाडलं, म्हणून रागावला माझ्यावर."

नळ तसाच वाहत होता. मालनबाईंनी तो बंद केला.

"रागावला नव्हता तो," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

दर्शनाने नळ पुन्हा सोडला, आपलं ताट स्वच्छ धुतलं, आणि सासूच्या ताटाशेजारी पालथं घातलं.